योना, नवगाव आणि रविवारची सतरंजी

माझ्या आजीच्या लेखी योना ही एक वेळ होती. आम्हा ज्यूंच्या किप्पूरच्या, म्हणजे उपासाच्या आणि क्षमेच्या दिवशी, ज्याला ती शेवटपर्यंत दारफाळणीचा सण म्हणायची, दुपार कलली की सिनेगॉगमध्ये योनाचं पुस्तक वाचायला घ्यायचे. पांढरं लुगडं नेसून बायकांमध्ये बसलेली आजी तेव्हा माझ्या कानात म्हणायची, "योना लागला गं. आता थोडाच रोजा राहिला." मला दिसायच्या त्या घरी झाकून ठेवलेल्या पुऱ्या आणि काळ्या मनुकांचं सरबत. हझ्झान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, हिब्रूत वाचत असायचे, आम्ही बसलेलो असायचो. त्या वाचनात एक जहाज आहे, वादळ आहे, एक भलाथोरला मासा आहे, हे मला कळलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आणि कळलं ते शाळेतल्या ख्रिस्ती मैत्रिणीच्या चित्रांच्या पुस्तकातून.

ही गोष्ट मला पुढे फार वर्षं लागून राहिली. आमच्या घरात दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे पवित्र वचनांच्या डबीला, हात लावून ओठांना लावल्याशिवाय कोणी उंबरा ओलांडत नसे. शुक्रवारी संध्याकाळी काचेच्या पेल्यात पाणी आणि त्यावर खोबरेल ओतून वात लावली जायची. मटण नारळाच्या दुधात शिजायचं, कारण मांसाबरोबर दूध-दही चालत नाही. म्हणजे पाळायचं ते सगळं पाळलं जात होतं, पण का पाळायचं ते विचारलं की उत्तर एकच यायचं: आपल्यात असंच असतं. माझ्या आजीला शेमा ही आमची मुख्य प्रार्थना येत होती आणि एलियाहू हान्नाबीचं, म्हणजे एलियाहू संदेष्ट्याचं, गाणं येत होतं. त्या दोन गोष्टींवर तिनं आयुष्य काढलं आणि फार चांगलं काढलं. पण माझ्या नातवंडांच्या वयाच्या मुलांना तेवढ्यावर धरून ठेवता येणार नाही, हे मला शाळेत सत्तावीस वर्षं मराठी शिकवल्यावर नीट माहीत आहे.

वाचकांपैकी अनेकांना आम्ही कोण हे सांगावं लागेल, म्हणून थोडक्यात. आम्ही बेने इस्रायली, कोकणातले ज्यू. आमची परंपरा सांगते की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी एक जहाज फुटलं. त्यातले सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बुडालेल्यांना वाचलेल्यांनी तिथंच पुरलं, ती जागा आम्ही अजून दाखवतो. धर्मग्रंथ समुद्रात गेले. वाचलेल्यांची मुलंबाळं गावोगाव पसरली, तेलाचे घाणे चालवू लागली, शनिवारी घाणा बंद ठेवायची म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. आडनावं गावांवरून पडली: दिवेकर, पेणकर, झिराडकर, राजपूरकर, चेऊलकर. मुंबईत पहिलं सिनेगॉग 1796 मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी बांधलं, आमचं ठाण्याचं शाआर हाशामायिम 1879 चं. नावाचा अर्थ स्वर्गाचं दार. 1948 नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. आता सगळ्या भारतात मिळून आम्ही ज्यू चार-पाच हजार असू आणि त्यातले पुष्कळ ठाण्यात राहतात.

मुलांना शिकवण्याचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. एकदा बाहेरून एक शिबीर आलं होतं. प्रोजेक्टर, छापील तक्ते, रंगीत स्टिकर, सगळं होतं. मुलं पहिल्या रविवारी बावीस आली, चौथ्या रविवारी पाच. शिकवणाऱ्यांनी मनापासून शिकवलं, पण त्यांच्या तक्त्यांवरची आजी ज्या स्वयंपाकघरात उभी होती ते आमचं नव्हतं. रोश हाशाना म्हणजे आमचं नवं वर्ष. एका मुलीनं "आम्ही रोश हाशानाला चिकाचा हलवा करतो" असं सांगितलं तेव्हा तिला मध आणि सफरचंदाचं चित्र रंगवायला दिलं गेलं. सफरचंद आमच्याकडेही असतं. पण गव्हाचा चीक काढून, नारळाचं दूध घालून, हात मोडेपर्यंत तो हलवा घोटणारी तिची आजी त्या तक्त्यात नव्हती. मुलगी पुढच्या रविवारी आली नाही.

दोन वर्षांपूर्वी ज्यू पंचांगातल्या एलूल महिन्यात मी हे काम हातात घेतलं. घेतलं म्हणजे अंगावर आलं. एलूलभर पहाटे सेलिहोत असतात, म्हणजे क्षमेच्या प्रार्थना. रविवारी शाळा नसल्यामुळे मुलंही आईबापांबरोबर येतात. प्रार्थना झाली की चहा, मग मोठ्यांच्या गप्पा, आणि मुलं नुसती हिंडत असतात. बाहेर गणपतीचे दिवस, ढोलपथकांचा सराव चालू. कोणीतरी मला म्हणालं, "टीचर, यांना जरा गोष्टबिष्ट सांगा ना." हॉलमध्ये सतरंजी टाकली आणि मी योना सांगायला बसले. किप्पूर जवळ आला होता आणि माझी अकराव्या वर्षाची खंत अजून ताजी होती.

योनाचं पुस्तक चार अध्यायांचं आहे, दहा मिनिटांत वाचून होतं. देव योनाला सांगतो, निनवे नगरात जा आणि त्यांना सांग की तुमचं पाप माझ्यापर्यंत पोचलंय. योना उठतो आणि उलट्या दिशेला पळतो, याफो बंदरात तार्शीशला जाणारं जहाज पकडतो. वादळ होतं. खलाशी आपापल्या देवाचा धावा करतात, जहाजातलं सामान समुद्रात फेकतात. योना तळाशी झोपलेला.

इथंच मला थांबवलं गेलं. बारा वर्षांची एक मुलगी आहे, तिला मधेच विचारायची सवय आहे आणि ती मी मोडणार नाही. ती म्हणाली, "मावशी, आपली पुस्तकंपण अशीच गेली का? नवगावला?"

चहाचे कप हातात घेऊन उभी असलेली मोठी माणसं गप्प झाली. मी आयुष्यभर नवगावची गोष्ट ऐकली होती आणि योनाची गोष्ट वाचली होती. दोन्ही जहाजं एकमेकांशेजारी उभी करून पाहावीत हे मला कधी सुचलं नव्हतं. त्या दिवशी गोष्ट पहिल्या अध्यायापुढे गेलीच नाही. जहाजातून काय काय फेकलं असेल याची यादी मुलांनी केली, आणि एका लहानग्यानं त्यात "आजीचा पाटा" घातला.

पुढच्या रविवारी हार्मोनियम आली. ती आणली आमच्या एका काकांनी. वय ऐंशीच्या पुढे, आयुष्य भाऊच्या धक्क्यावर हिशेब लिहिण्यात गेलं, तिन्ही मुलं इस्रायलमध्ये. सिनेगॉगमध्ये ते येत ते मिनियानसाठी, दहा पुरुष पुरे व्हावेत म्हणून. तसं त्यांनी स्वतःच मला सांगितलं होतं, "मी मोजायला जातो गं." ते म्हणाले, "माझे वडील कीर्तनाला साथ करायचे. योनाचं कीर्तन का करत नाहीस?"

हो, आमच्यात कीर्तन आहे. 1880 च्या सुमारास मुंबईतल्या बेने इस्रायली मंडळींनी हरिदासी कीर्तनं ऐकली आणि त्यांना वाटलं की आपल्या अब्राहाम, योसेफ, मोशेच्या कथा लोकांपर्यंत पोचवायला याहून चांगली रीत नाही. बेंजामिन शिमशोन अष्टमकरांचं नाव पहिल्या कीर्तनकारांमध्ये घेतलं जातं. साकी, दिंडी, आर्या, ओवी, अभंग, सगळी वृत्तं घेतली आणि आख्यानं रचली, पुस्तिका छापल्या. तो काळच तसा होता. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थनांची पुस्तकं मराठीत आणली. पुण्यात 1874 मध्ये पेसाहचा, म्हणजे वल्हांडण सणाचा, हागादा (त्या रात्री वाचायचं पुस्तक) हिब्रू-मराठीत निघाला, त्यातल्या चित्रात साडी नेसलेल्या बायका खाली बसून बिनखमिराच्या पोळ्या लाटतायत, भाजतायत. (ते चित्र मी मुलांना दाखवलं होतं. "ही तर आजी!" असं तीन मुलं एकदम म्हणाली होती, आणि तिघांच्या आज्या वेगळ्या.) त्याच्याही आधी, 1832 मध्ये, स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं होतं. मिशनऱ्यांच्या शाळांतून आमच्या पूर्वजांनी अक्षरं घेतली आणि धर्म आपलाच ठेवला. मला त्या लोकांचं फार कौतुक वाटतं. जे हाताशी आलं ते त्यांनी आपल्या कामाला लावलं.

नंतर कीर्तन मागे पडलं. कीर्तनातली गाणी तगली ती मुख्यतः बायकांमुळे, ठाण्यातही आणि तिकडे इस्रायलमध्येही. पण नवं आख्यान रचायचं म्हणजे काय करायचं, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. मी कविता शिकवल्या होत्या, रचल्या नव्हत्या. मग आमच्या सोसायटीतल्या एका बुवांना विचारलं. ते नारदीय कीर्तन करतात, आषाढात त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. तरी तीन रविवार आले. सतरंजीवर मांडी घालून बसले आणि मुलांना बोटांवर मात्रा मोजायला शिकवलं. ह्रस्वाला एक, दीर्घाला दोन. साकीच्या ओळीत सोळा मात्रांनंतर थांबा आणि मग बारा. शाळेत वृत्तं म्हटल्यावर कपाळाला आठ्या घालणारी मुलं दोन्ही हातांची बोटं मोडत हॉलभर फिरत होती. बुवांनी आम्हाला एकच अट घातली: "कथा तुमची आहे, तिच्यातला शब्द मी सुचवणार नाही. मी फक्त ताल धरीन." त्यांचा तो संकोच मला फार मोठा वाटला.

पहिली ओवी मुलांनी एका दुपारी केली:

देव बोले जा निनवेसी ।
योना निघाला याफोसी ।
पडाव धरिला तार्शीशी ।
दूर सागरीं ॥

"पडाव" शब्द काकांचा. आम्ही "जहाज" लिहिलं होतं, त्यांनी खोडून घेतलं. भाऊच्या धक्क्यावरच्या माणसाचा शब्दसाठा तेव्हा आमच्यापुढे उघडला: शीड, डोलकाठी, सुकाणू, नांगर, खलाशी, तांडेल. हिब्रूत जहाजाच्या मुख्य माणसाला "राव हाहोवेल" म्हटलंय, आणि होवेल हा शब्द दोराशी नातं सांगतो, म्हणजे दोरखंड ओढणाऱ्यांचा मुख्य. मी हे वाचून दाखवल्यावर काका एकदम म्हणाले, "म्हणजे तांडेलच की!" साठ वर्षं हिब्रू प्रार्थना म्हणणाऱ्या माणसाला एक हिब्रू शब्द असा ओळखीचा होऊन भेटताना मी पाहिला. मग साकी झाली, तिच्यासाठी आम्हाला दोन आठवडे लागले:

तांडेल पुसे कोण तू गड्या, कुठला रे परदेशी ।
इब्री आहे, भजतो देवा, लाटा ज्याच्या दासी ॥

इब्री म्हणजे हिब्रू माणूस. चिठ्ठ्या टाकून योनाचं नाव निघतं तेव्हाचा हा प्रसंग. योना म्हणतो, मला समुद्रात टाका, वादळ माझ्यामुळे आहे. आणि मग पुस्तकात एक वाक्य येतं, ज्यावरून मी पूर्वी पन्नास वेळा गेले असेन: ती माणसं जहाज किनाऱ्याला लावायला जोरानं वल्हवू लागली, पण त्यांना जमेना. काकांनी त्या वाक्यावर बोट ठेवलं. "बघ. त्यानं सांगितलंय मला फेका. ह्यांचा देव वेगळा, तो परका, त्याच्यामुळे माल गेला. तरी आधी वल्ही मारतात." मग म्हणाले, इथं वृत्त नको, इथं "हैया हो" घालायचं. आणि घातलं. तबल्यावरच्या नववीतल्या मुलानं ठेका बदलला आणि सगळ्यांनी सतरंजीवर बसूनच वल्ही मारली. नवगावच्या किनाऱ्यावर आमच्या लोकांना ज्यांनी घरात घेतलं, तेही वेगळ्या देवाचेच होते. हे कोणी बोललं नाही, बोलायची गरजही नव्हती.

एक विरोध झाला, तो सांगायला हवा, कारण तो चुकीच्या हेतूनं नव्हता. आमच्यातल्या काही जुन्या लोकांना पेटी-तबला सिनेगॉगच्या आवारात बरा वाटला नाही. "हे आपलं नाही," असं एका वडीलधाऱ्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, वाद्य नाही, लिहिणं नाही, हे आम्ही पाळतच होतो, म्हणून तर सगळं रविवारी आणि प्रार्थनेच्या जागेत नव्हे तर हॉलमध्ये. मी त्यांना फक्त विचारलं की तुमच्या आईला योसेफाची गोष्ट कोणी सांगितली? ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी योसेफाला भाऊ विहिरीत टाकतात त्या प्रसंगाची दिंडी म्हणून दाखवली, पहिली दीड ओळ. पुढचं त्यांना आठवेना. ते कीर्तनाला आले नाहीत, पण पुढच्या आठवड्यात उरलेली अडीच ओळ एका कागदावर लिहून पाठवली.

आता त्या मुलीचा दुसरा प्रश्न. पुस्तक सुरू होतं "अमित्तयाचा पुत्र योना" असं. तिनं विचारलं, "आणि आई कोण?" पुस्तकात आई नाही. मी इस्रायलमधल्या अश्दोदच्या माझ्या मावसबहिणीला फोन लावला. आमच्यात आणि त्यांच्यात उन्हाळी वेळेनुसार अडीच तासांचं अंतर, तिची सकाळ नुकतीच उजाडलेली. तिच्या नातवाला अशा गोष्टी ठाऊक असतात. संध्याकाळी त्याचा निरोप आला: मिद्राशात, म्हणजे धर्मग्रंथांचा अर्थ उलगडणाऱ्या जुन्या कथांत, एक परंपरा आहे, की योना म्हणजे सारफथच्या विधवेचा मुलगा.

ज्यांना ती गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी: दुष्काळात एलियाहू संदेष्टा सारफथ गावी एका विधवेच्या दारी जातो. तिच्याकडे मूठभर पीठ आणि कुपीत थोडंसं तेल उरलेलं, तेवढ्याची भाकर करून ती आणि तिचा मुलगा मरणाची वाट पाहणार असतात. ती आधी एलियाहूला करून देते. मग दुष्काळ सरेपर्यंत पीठही सरत नाही आणि तेलही. पुढे तो मुलगा आजारी पडून त्याचा श्वास थांबतो. एलियाहू त्याला वर आपल्या खोलीत नेतो, तीनदा त्याच्यावर ओणवा होतो, देवाला हाक मारतो, आणि मुलगा जिवंत होतो.

मी हे वाचून दाखवताना हॉलमधल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कारण आमची नवगावची गोष्ट जशी सांगतात त्यात, किनाऱ्यावर लागलेले ते चौदा जण निपचित पडलेले असतात आणि एलियाहू हान्नाबी येऊन त्यांना उठवतो. म्हणूनच तर आम्ही मलिदा करतो. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, वर फळं मांडायची आणि एलियाहू हान्नाबीचं गाणं म्हणायचं. लग्न ठरलं, नवस फिटला, नोकरी लागली, नवं घर घेतलं, मलिदा. जगातल्या इतर ज्यूंकडे अशी ताटं नाहीत. बाहेरचे लोक विचारतात, तुमच्याकडे एलियाहूचं एवढं का? आम्ही खांदे उडवायचो. आता त्या बारा वर्षांच्या मुलीनं सांगितलं, अगदी साधेपणानं: "एलियाहूनं योनाला लहानपणी उठवलं. मग तो मोठा होऊन जहाजात बसला. मग एलियाहूनं जहाजातून पडलेल्या आपल्याला उठवलं. म्हणजे योना आपला मोठा भाऊ झाला."

हा मिद्राश कोणत्या ग्रंथात नाही. ठाण्यात, सतरंजीवर, एका रविवारी तो तयार झाला. मी त्याला मिद्राशच म्हणते आणि त्याबद्दल मला जराही संकोच नाही. कीर्तनाचा उत्तररंग आम्ही त्याच्यावरच उभा केला.

तेलाची गोष्टही तशीच सापडली. मासा योनाला गिळतो आणि किनाऱ्यावर टाकतो, मग तो निनवेला जातो, तिथले लोक पश्चात्ताप करतात आणि देव त्यांना क्षमा करतो. शेवटच्या अध्यायात, निनवे अशी वाचल्यावर, योना रागावून शहराबाहेर बसतो, आणि देव त्याच्या डोक्यावर सावलीला एक झाड उगवतो. हिब्रूत त्याला किकायोन म्हणतात. बहिणीनं सांगितलं, आजच्या हिब्रूत किकायोन म्हणजे एरंड, रस्त्याच्या कडेला उगवतो. मी शोधत गेले तर मिश्ना या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहात नियम सापडला की शब्बाथच्या दिव्यात "किक"चं तेल घालू नये, आणि ते कुठलं तेल या चर्चेत तालमूद या त्यावरच्या भाष्यग्रंथात रेश लाकिश हे जुने पंडित म्हणतात, योनाच्या किकायोनाचं. एरंडेल! शनिवार तेल्यांच्या पोरांना एवढं पुरलं. एक मुलगा दुसऱ्या दिवशी शाळेच्या मागून एरंडाचं पान घेऊन आला, हातापेक्षा मोठं, आणि ते डोक्यावर धरून योना झाला. दुसऱ्यानं आईकडून शुक्रवारच्या दिव्याचा पेला मागून आणला आणि सगळ्यांना पाण्यावर खोबरेल कसं तरंगतं ते दाखवलं. मुलांना माहीत नव्हतं असं नाही. पण रोज घरात दिसणारी वस्तू चारचौघांत आणून दाखवावी इतकी मोलाची आहे, हे त्यांना तेव्हा उमगलं.

कीर्तन किप्पूरच्या आदल्या रविवारी झालं. हॉलमध्ये चाळीसेक माणसं. अश्दोदची मंडळी फोनच्या पडद्यावर, बहिणीच्या घरी शेजारपाजारच्या मिळून अकरा बायका जमल्या होत्या. त्यांच्या शहरात एक टेकडी आहे, गिवात योना, योनाची टेकडी, वर दीपगृह आहे आणि योनाशी तिचं नातं सांगणारी जुनी आख्यायिका आहे. बहीण आठवडाभर आधी तिथं गेली आणि तिथून दिसणाऱ्या समुद्राचं छायाचित्र पाठवलं. ते आम्ही मोठं छापून मागे लावलं. शेजारी नवगावच्या किनाऱ्याचं. दोन्हीकडे पाण्याचा रंग वेगळा.

सुरुवात मी केली, पण मधे माझा आवाज बसला आणि दिंडी त्या मुलीनं उचलली. "हैया हो"ला सगळा हॉल हलला, पडद्यावरच्या अकरा बायकाही हलल्या, अर्धा सेकंद मागून. निनवेत राजापासून गुराढोरांपर्यंत सगळे गोणपाट नेसतात तिथं लहान मुलांनी खरंच वाण्याकडची गोणपाटं गुंडाळली होती. एक छोटी गाय झाली होती आणि तिनं शेवटपर्यंत गाय राहणं सोडलं नाही.

काका त्या रात्री घरी जाताना मला म्हणाले, "आज दहात मोजला गेलो नाही, बरं वाटलं."

किप्पूरच्या दुपारी हझ्झान योना वाचायला उभे राहिले तेव्हा मी बायकांमध्ये बसले होते. माझ्या उजवीकडे ती मुलगी, तिचा पहिला रोजा. हिब्रू वाहत होतं. "राव हाहोवेल" आलं आणि तिनं माझा दंड दाबला. मी पुरुषांच्या बाजूला पाहिलं. काकांनी मान वर केली होती. आणखी तीन-चार मुलांनीही, वेगवेगळ्या बाकांवरून. माझी आजी असती तर तिनं विचारलं असतं, काय झालं गं, सुटला का रोजा?

नंतर 'तू बिश्वात' या झाडांच्या सणाला, ज्याला आमच्यात एलियाहू हान्नाबीचा उरूस म्हणतात, आम्ही एक बस करून कोकणात उतरलो. अलिबागजवळ खंडाळ्याला एक कातळ आहे, त्यावर एलियाहूच्या रथाची खूण आहे असं आम्ही मानतो. तिथं मलिदा झाला. मग नवगावला गेलो, ज्यांची नावं कोणालाच माहीत नाहीत त्यांच्या समाधीशी उभे राहिलो आणि कद्दीश, म्हणजे मृतांसाठी म्हणायची प्रार्थना, झाल्यावर किनाऱ्यावर आख्यान पुन्हा म्हटलं. पेटी नव्हती, वारा फार होता. कोळीवाड्यातली काही माणसं जाळी नीट करता करता ऐकत होती. "हैया हो" त्यांना शिकवावं लागलं नाही.

एकच गोष्ट आमच्यात अजून मिटलेली नाही, ती शेवटाची. योनाचं पुस्तक प्रश्नावर संपतं. देव योनाला म्हणतो, त्या झाडाची तुला कीव आली, मग मला निनवेची येऊ नये का, जिथं उजवा-डावा हात न कळणारी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आहेत, आणि गुरंढोरंही पुष्कळ? योनानं काय उत्तर दिलं ते लिहिलेलंच नाही. बुवा म्हणाले, कीर्तन असं अधांतरी सोडत नाहीत, शेवटी प्रार्थना हवी. काकांनाही तसंच वाटतं. मुलांचं म्हणणं, पुस्तकात नाही ते आपण का घालायचं. ठाण्याला आम्ही प्रार्थना म्हणून संपवलं. नवगावला मुलांनी ऐकलं नाही. त्या मुलीनं देवाचा प्रश्न म्हटला, गाय झालेल्या छोटीनं "आणि गुरंढोरंही पुष्कळ" हे आपलं वाक्य जोरात म्हटलं, आणि दोघी गप्प उभ्या राहिल्या, वाऱ्यात, कोणीतरी उत्तर देईल म्हणून.